खाली काच, वर जेसीबी

चेन्नईजवळच्या सिरुसेरीला कुणी मराठी पाहुणा आला, की त्याला टीसीएसचा कॅम्पस बघायचा असतो. उरुग्वेच्या कार्लोस ओट यांनी आखलेल्या त्या इमारती आहेतही बघण्यासारख्या. फोटो काढून झाले, की मी त्याला रस्त्याच्या कडेला नेतो आणि गुडघाभर उंचीचा सिमेंटचा एक खांब दाखवतो. त्यावर ‘ओएफसी’ (ऑप्टिकल फायबर केबल) ही तीन अक्षरं आणि इथे खणू नये अशी तंबी. पाहुण्याचा चेहरा पडतो. पण समोरच्या इमारतींमध्ये हजारो माणसं जे काम करतात, ते या खांबाच्या खालून, मीटर-दीड मीटर खोलीवरच्या काचेतून ये-जा करतं. ती काच तुटली तर इमारती जागेवर राहतील, माणसं खुर्च्यांवर राहतील, काम मात्र बंद.

मी मूळचा छत्रपती संभाजीनगरचा. पहिली नोकरी वाळूजला, ऑप्टिकल फायबर तपासण्याची. आता सिरुसेरीत एका डेटा सेंटरच्या नेटवर्क विभागात आहे. काचेचा धागा तयार होताना तिकडे पाहिला, तो कामाला लागलेला इथे बघतो, आणि मधूनमधून तुटलेलाही बघतो. प्रयोगशाळेत या धाग्यावर चाललेलं संशोधन थक्क करणारं आहे. पण आपल्याकडे त्याचं भवितव्य बऱ्याचदा प्रयोगशाळेत ठरत नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यात ठरतं. हा लेख त्या दोन्ही टोकांबद्दल आहे.

सिरुसेरीच का?

ओल्ड महाबलीपुरम रोडला इथे सगळे ‘ओएमआर’ म्हणतात. चेन्नईतून दक्षिणेला या रस्त्याने निघालं, की नावलूर, एगट्टूर मागे टाकून सिरुसेरीचं सिपकॉट आयटी पार्क लागतं. सिपकॉट म्हणजे तमिळनाडूचं एमआयडीसी म्हणा ना. पूर्वेला बकिंगहॅम कालवा, त्यापलीकडे ईस्ट कोस्ट रोड आणि लगेच बंगालचा उपसागर. सिफी, अदानीकॉनेक्स, इक्विनिक्स अशा कंपन्यांनी इथे डेटा सेंटर उभारली, त्याला जमीन आणि वीज ही कारणं आहेतच. पण मोठं कारण समुद्र. परदेशातून येणाऱ्या समुद्राखालच्या केबल चेन्नईच्या किनाऱ्यावर वर येतात.

देशांदेशांमधली 95 टक्क्यांहून जास्त माहिती उपग्रहातून नव्हे, या केबलमधून जाते. 2023 मधल्या दूरसंचार नियामक ट्रायच्या नोंदीप्रमाणे भारतात 17 आंतरराष्ट्रीय केबल येत होत्या, आणि त्या फक्त 5 शहरांत: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुअनंतपुरम. चेन्नईहून सिंगापूरला जाणारी आय-टू-आय ही केबल 2002 ची, लांबी सुमारे 3,200 किलोमीटर. पाठोपाठ टाटांची केबल आली, 2005 ला सी-मी-वी-4 आली, 2016 ला बे ऑफ बेंगॉल गेटवे. शेवटच्या दोन्ही मुंबईलाही लागतात.

या दोन शहरांचं हे नातं जुनं आहे. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तारेची केबल टाकली आणि मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. त्याच सुमारास मद्रासहून पेनांगकडे केबल निघाली. त्या तांब्याच्या केबलमधून तारेचे मोजके शब्द जात. आजच्या काचेतून काय जातं, हे समजायला आधी काच समजून घ्यावी लागते.

एक टक्का उजेड

खिडकीची काच आपल्याला पारदर्शक वाटते, कारण ती काही मिलिमीटर जाड असते. तिची कड बघा, हिरवट काळी दिसते. प्रकाशाला काचेतून लांब न्यायचं, तर काच स्वतःच तो गिळते. मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. पण ते अंतर अगदी थोडं होतं. पोटात घालायच्या दुर्बिणीला ते पुरेसं, टेलिफोनला नाही.

1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी प्रश्न उलटा मांडला. प्रकाश गिळते ती काच की काचेतली अशुद्धी? त्या वेळच्या चांगल्या काचेत 20 मीटरवर फक्त 1 टक्का प्रकाश उरत असे. काओंचं म्हणणं होतं, लोह-तांब्याचे अंश काढून टाका. 1 किलोमीटरवर 1 टक्का उरला तरी टेलिफोनसाठी ही काच तांब्याला हरवेल. चार वर्षांनी, 1970 मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्झ या तिघांनी ती अट पार केली. आज तोच 1 टक्का उरायला 100 किलोमीटर लागतात. 20 मीटर ते 100 किलोमीटर, हा या क्षेत्रातल्या संशोधनाचा सगळ्यात सोपा सारांश. काओंना त्यासाठी 2009 चं नोबेल मिळालं.

यापुढे फार जाता येत नाही, त्याचं कारण निसर्गातच आहे. काच कितीही शुद्ध केली, तरी ती गोठताना तिच्या रचनेत बारीक चढउतार राहतात आणि त्यांवर आपटून प्रकाश विखुरतो. आकाश निळं दिसतं तेही अशाच विखुरण्यामुळे. तरंगलांबी वाढवत नेली की विखुरणं झपाट्याने कमी होतं. फार वाढवली की काचेचे रेणूच प्रकाश शोषू लागतात. या दोन संकटांच्या मधली जागा 1,550 नॅनोमीटरला सापडते. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नवीन पोरांना पहिल्या दिवशी बजावतो: फायबरच्या टोकाला डोळा लावायचा नाही. दिसणार काहीच नाही, डोळा मात्र जाईल.

वाळूजचा पाक

भारतात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली ती 1979 मध्ये, पुण्यात. हे सांगितलं की इथले माझे तमिळ सहकारी भुवया उंचावतात. पुढे फायबर तयार करण्याचा मोठा उद्योगही महाराष्ट्रात, वाळूज आणि शेंद्र्यात उभा राहिला. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज तिथे काच बनवण्यापासून धागा ओढण्यापर्यंतचं काम करते.

या धाग्याची सुरुवात वाळूपासून होते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खरं, पण कारखान्यात वाळू दिसत नाही. दिसतो तो सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचा द्रव. त्याची वाफ ज्योतीत जाळली की अतिशुद्ध काचेची पांढरी भुकटी बसत जाते. मधल्या भागात थोडं जर्मेनियम मिसळतात, म्हणजे तिथली काच प्रकाशासाठी किंचित घन होते आणि प्रकाश तिच्यातच कोंडून राहतो. भुकटी वितळवून तिचा जाडजूड काचेचा दांडा करतात, त्याला प्रीफॉर्म म्हणतात. या कामात पाण्याशी वैर असतं. काचेत पाण्याचा लवलेश राहिला, तरी 1,383 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तो खाऊन टाकतो.

मग तो दांडा कित्येक मजली उंच मनोऱ्याच्या टोकाला टांगतात. भट्टीत 2,000 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं टोक मऊ होतं आणि खाली तार सुटते. आई साखरेचा पाक दोन बोटांत धरून तार बघायची, तसंच. फरक एवढाच, की ही तार मिनिटाला 2 किलोमीटरच्या वेगाने ओढली जाते आणि तिची जाडी 0.125 मिलिमीटरवरून हलू द्यायची नसते. त्यातही प्रकाश जातो तो मधला गाभा फक्त 0.009 मिलिमीटर. खाली येताच तिच्यावर प्लास्टिकचा लेप चढतो, कारण उघड्या काचेला हवेतल्या दमटपणानेही बारीक चरे वाढत जातात. एक किलोमीटर लांबीच्या या काचेचं वजन भरतं जेमतेम 27 ग्रॅम.

माझं काम त्यानंतरचं. प्रत्येक धागा एक टक्का ताणून बघायचा. जो कच्चा असेल, तो इथेच तुटू दे, समुद्राच्या तळाशी नको. रिळावर गुंडाळलेल्या धाग्यात प्रकाश सोडायचा आणि किती उरला ते मोजायचं. त्या मोजमापांमागचं गणित मला नीट कळलं ते आयआयटी मुंबईचे प्रा. रघुनाथ शेवगावकर यांच्या एनपीटीईएलवरच्या व्याख्यानांतून. मराठी मुलांना माझं सांगणं आहे, ही व्याख्यानं फुकट आहेत, बघा.

अंदमानपर्यंतचा रस्ता

100 किलोमीटरवर 1 टक्का उरतो हे ठीक. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजय पुरम) साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधल्या समुद्रात काय करायचं? पूर्वी ठराविक अंतरावर प्रकाशाचं विजेत रूपांतर करून, संकेत स्वच्छ करून पुन्हा प्रकाश करावा लागे. ते महागडं आणि हळू काम होतं. 1987 च्या सुमारास इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने फायबरमध्ये अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलं आणि त्याला लेझरने ऊर्जा दिली. दमलेला प्रकाश त्यातून गेला की, विजेत न बदलता, तसाच तगडा होऊन बाहेर पडतो. योगायोग असा, की अर्बियम नेमकं 1,550 नॅनोमीटरलाच काम करतं.

त्याचा दुसरा फायदा आणखी मोठा निघाला. असा एकच प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) एका वेळी अनेक तरंगलांबींना बळ देतो. म्हणजे एका धाग्यात 80-90 वेगवेगळे ‘रंग’ सोडा, प्रत्येकावर वेगळी माहिती चढवा, आणि सगळे एकदम पुढे ढकला. आज एकेका रंगावर सेकंदाला 100 ते 400 गिगाबिट माहिती सहज चढते.

प्रवर्धकाचा आणखी एक प्रकार रामन परिणामावर चालतो. शक्तिमान लेझर सोडला की साधा फायबरच प्रवर्धक होतो. सी. व्ही. रामन यांनी तो शोध 1928 मध्ये कोलकात्यात लावला, पण ते शिकले चेन्नईच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात. इथल्या माणसाला हे दोन्ही सांगायला आवडतं, मलाही.

चेन्नई-अंदमान केबलची पायाभरणी 30 डिसेंबर 2018 ला झाली आणि 10 ऑगस्ट 2020 ला ती सुरू झाली. लांबी सुमारे 2,300 किलोमीटर, खर्च सुमारे 1,224 कोटी रुपये. काम बीएसएनएलचं, केबल जपानच्या एनईसीची. पोर्ट ब्लेअरबरोबर स्वराज द्वीप, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्ता, ग्रेट निकोबार, लाँग आयलंड आणि रंगत इथपर्यंत ती जाते. त्याआधी बेटांचा भार उपग्रहावर होता. दळणवळणाचा उपग्रह 36,000 किलोमीटर उंच असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, मग उत्तर वर जाऊन खाली. यात अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर आणि परत, सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी.

पुढची लढाई

यूट्यूब, यूपीआय आणि आता एआय यांची भूक वाढते आहे, मग प्रकाश आणखी जोरात सोडा, असं कुणालाही वाटेल. इथेच काच अडते. प्रकाश एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला, की तो काचेचे गुणच किंचित बदलतो आणि शेजारच्या रंगांची माहिती एकमेकांत मिसळू लागते. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. दीपा वेंकिटेश यांच्या गटाने यावर काम केलं आहे. प्रकाशाची कला (फेज) उलटवून मागच्या अर्ध्या वाटेवर झालेली बिघाडी पुढच्या अर्ध्या वाटेत फेडून घ्यायची, अशी त्यामागची एक कल्पना.

जपानच्या एनआयसीटी या संस्थेने दुसरी वाट धरली. त्याच 0.125 मिलिमीटर जाडीत एकाऐवजी 19 गाभे घालून त्यांनी 2025 मध्ये सेकंदाला 1 पेटाबिट, म्हणजे 10 लाख गिगाबिटहून जास्त माहिती 1,808 किलोमीटरवर पोचवली.

तिसरी वाट सगळ्यात धाडसी: काचच काढून टाका. पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये प्रकाश हवेतून जातो आणि भोवतीच्या काचेच्या बारीक नळ्या त्याला आत धरून ठेवतात. हवेत प्रकाश काचेपेक्षा सुमारे 45 टक्के जलद जातो. 2025 मध्ये साउथॅम्प्टन आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अशा फायबरमधली घट साध्या फायबरच्या निम्म्याहून खाली आणल्याचं प्रसिद्ध केलं. साध्या काचेत 15 किलोमीटरवर प्रकाश निम्मा होतो, यात 33 किलोमीटरवर. काओंपासून चाललेल्या शर्यतीत काच पहिल्यांदाच हवेपुढे हरली.

आणि मग जेसीबी येतो

आता रस्त्यावर येऊ. रात्री स्क्रीनवर एक लिंक लाल होते. आम्ही ओटीडीआर जोडतो. हे यंत्र प्रकाशाचा ठोका सोडतं आणि विखुरलेला प्रकाश परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. ज्या विखुरण्याला आपण शत्रू म्हटलं, तेच इथे वाटाड्या होतं. तुटलेल्या टोकाचा प्रतिसाद 100 मायक्रोसेकंदांनी आला, म्हणजे तूट 10 किलोमीटरवर. पण हे अंतर केबलचं, रस्त्याचं नव्हे. दर चेंबरमध्ये जास्तीची केबल लूप करून ठेवलेली असते, ती वजा करावी लागते. कुठे किती लूप आहे, हे नकाशात सापडत नाही. आमच्या स्प्लायसर अण्णांना तोंडपाठ असतं.

अण्णा पोचेपर्यंत जेसीबी बहुतेकदा पसार झालेला असतो. खड्ड्यात पाणी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला पावसाळा, तेव्हा आधी पंप लावावा लागतो. मग जेली पुसायची आणि रंग जुळवायचे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. बारा रंगांचे बारा धागे, क्रम ठरलेला. लेप सोलायचा, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने काटकोनात कापायचं, दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. विजेची ठिणगी पडते आणि काच काचेत मिसळते. पडद्यावर घट येते 0.02 डेसिबल. 0.1 आली तर अण्णा मान हलवून म्हणतात, “सार, तिरुंब पण्णलाम.” परत करू. 96 धाग्यांची केबल असेल तर असं 96 वेळा, बॅटरीच्या उजेडात, डास मारत. तेवढ्या वेळात पलीकडच्या इमारतीत काओंचं नोबेल, पेन यांचं अर्बियम आणि कोट्यवधींची यंत्रसामग्री निमूट वाट बघत असते.

मोठी संकटंही येतात. 12 डिसेंबर 2016 ला वरदा वादळ चेन्नईवर धडकलं, तेव्हा शहराचं इंटरनेट काही दिवस रखडलं. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या आणि त्याचा ताण भारतापर्यंत जाणवला. अशा वेळी उपयोगी पडतो तो दुसरा, वेगळ्या वाटेने गेलेला मार्ग. पण वादळं कधीतरी येतात, खोदकाम रोज असतं. मार्च 2023 मध्ये सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशात वर्षाला सुमारे 10 लाख वेळा फायबर तुटतो आणि सुमारे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं. यातला मोठा वाटा विचारपूस न करता केलेल्या खोदकामाचा.

यावरही संशोधन चालू आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. बालाजी श्रीनिवासन यांचा गट फायबरलाच संवेदक बनवण्यावर काम करतो. जमीन हादरली की काच किंचित ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. या तत्त्वावर चालणारी यंत्रणा केबलजवळ खोदकाम सुरू झाल्याचं केबल तुटण्याआधी सांगू शकते. पण ती बसवायला पैसे लागतात. त्याआधीचा उपाय स्वस्त आहे: विचारणं.

22 मार्च 2023 ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू झालं. खोदकाम करणाऱ्याने जागा कळवायची, त्या जमिनीखाली ज्यांच्या केबल आणि नळ आहेत त्यांना निरोप जातो. जानेवारी 2023 पासून असं कळवणं नियमाने बंधनकारक आहे. नियम आहे, अॅप आहे. ते वापरणं तेवढं अजून अंगवळणी पडलेलं नाही.

माझ्या मते येत्या काही वर्षांत भारताच्या इंटरनेटचा दर्जा पोकळ गाभ्याच्या फायबरपेक्षा या सवयीवर जास्त ठरेल. सरकारच्या भारतनेट योजनेमुळे ही काच आता ग्रामपंचायतींपर्यंत पोचते आहे. म्हणजे हा प्रश्न सिरुसेरीपुरता राहिलेला नाही, तुमच्या गावच्या रस्त्याचाही झाला आहे. सोसायटीत पाइपलाइन निघाली, बांधालगत चर खणायचा ठरला किंवा गावात गटाराचं काम आलं, तर कंत्राटदाराला खोदायच्या आधी एवढंच विचारा: अॅपवर कळवलंत का? नसेल कळवलं, तर जेसीबी सुरू करू देऊ नका.